मोरघार की मधुबाज? पंखाखालच्या पिसांनी केलेला निवाडा

एकाच पक्ष्याला एका दिवसात तीन नावे मिळाली. सकाळी डोंगरधारेवर तो मोरघार ठरला. दुपारी फोटो मोठे करून पाहताना कोणीतरी तो युरोपीय मधुबाज असल्याचे सांगितले. शेवटी पूर्ण फोटोमालिका क्रमाने तपासल्यावर तो दक्षिण आणि पूर्व आशियात नेहमी दिसणारा मधुबाज, म्हणजे पर्निस टिलोरिंकस, निघाला. तिन्ही वेळा आधार पिसाऱ्याचाच घेतला होता, पण प्रत्येक वेळी पिसाऱ्याचा वेगळा भाग पाहिला गेला.

ही मालिका माझ्याकडे तपासायला आली तेव्हा सोबत निरीक्षकांची टिपणेही होती. त्यामुळे कोणी काय पाहिले आणि त्यावरून काय ठरवले, हे टप्प्याटप्प्याने कळत गेले. उडत्या शिकारी पक्ष्याची ओळख करताना छाती, पोट आणि डोके यांच्याकडे नजर आधी जाते. मधुबाजाच्या बाबतीत नेमके हेच भाग सर्वांत कमी भरवशाचे असतात. निर्णय उड्डाणपिसांवर, म्हणजे पंखाच्या आणि शेपटीच्या लांब पिसांवर घ्यावा लागतो. असे का, ते या एका पक्ष्यावरून नीट दाखवता येते, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

जागेवर काय दिसले

पाऊस ओसरल्यानंतरची सकाळ होती. दाट झाडीच्या उतारावरून पक्षी वर आला, गरम हवेच्या झोतात शिरला, काही मिनिटे घिरट्या घालत उंच गेला आणि मग पंख थोडे मागे ओढून दरीपलीकडे सरकला. निरीक्षक दोघे होते. एकजण दुर्बिणीतून पाहत टिपणे लिहीत होता आणि दुसरी फोटो काढत होती. टिपणातला मजकूर थोडक्यात असा: खालची बाजू पांढुरकी, छातीवर उभ्या गडद रेघा, गळ्याच्या मधोमध एक काळसर रेघ, पंखाखाली आडवे पट्टे, शेपटीवरही पट्टे, आणि एका वळणावर मानेमागे तुऱ्यासारखे काहीतरी टोक.

"दादा, मोरघारच ना ही? गळ्यावरची रेघ बघा, छातीवरच्या रेघा बघा," असे फोटो काढणारीने तिथेच विचारले होते आणि दादांनी मान डोलावली होती. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण त्यांचा निष्कर्ष उतावळा नव्हता. मोरघारीचे, म्हणजे निसेटस सिऱ्हॅटसचे, वर्णन करायला सांगितले तर कोणीही हेच सांगेल: पांढुरकी छाती, तिच्यावर ठळक उभ्या रेघा, गळ्याच्या मध्यावर काळी रेघ, डोक्यावर तुरा, पट्ट्यापट्ट्यांचे पंख आणि लांब शेपटी. दोघांनी पाहिलेली प्रत्येक गोष्ट मोरघारीला लागू पडत होती. अडचण एवढीच की त्यातली बहुतेक मधुबाजालाही लागू पडते.

छाती का फसवते

मधुबाजाच्या छातीपोटाचा ठरावीक असा रंग नसतो. काही पक्षी खालून जवळजवळ पांढरे असतात, काही विटकरी, काही गडद चॉकलेटी. काहींच्या पोटावर आडवे पट्टे असतात, काहींच्या छातीवर उभ्या रेघा, तर काही एकरंगी असतात. गळ्याभोवती काळसर कडेची माळ असू शकते, मधोमध रेघ असू शकते, किंवा दोन्ही अगदी पुसट असू शकतात. एकाच भागात, एकाच ऋतूत, एकाच झाडावर बसलेले दोन मधुबाज पाहिले तर नवख्या माणसाला ते दोन वेगळ्या जातींचे वाटावेत, इतका हा फरक असतो.

यामागे काय कारण असावे यावर अभ्यासकांनी एक मुद्दा मांडला आहे, आणि मला तो विचार करण्यासारखा वाटतो. मधुबाज मुख्यतः मधमाश्या आणि गांधीलमाश्यांची पोळी फोडून त्यातल्या अळ्या खातो. त्याची नखे गरुडांच्या नखांएवढी वाकडी आणि ताकदवान नसतात, म्हणून मोठ्या शिकारी पक्ष्याशी गाठ पडली तर तो तुलनेने दुबळा ठरतो. अशा वेळी आपण जबर पंजाच्या गरुडासारखे दिसत असलो तर हल्ला टळण्याची शक्यता वाढते. या तर्काला बळ देणारी उदाहरणे आग्नेय आशियात आहेत. सुलावेसी बेटावरचा पट्टेरी मधुबाज तिथल्याच निसेटस, म्हणजे मोरघारीच्याच वंशातल्या, गरुडाशी कमालीचा मिळताजुळता दिसतो. फिलिपिन्समधल्या मधुबाजाचे तिथल्या निसेटस गरुडाशी असेच साम्य आहे. युरोपात मधुबाजाची पिल्ले सामान्य बझर्डसारखी दिसतात, त्यावरही असाच तर्क मांडला गेला आहे. साम्य आहे हे डोळ्यांनी दिसते. ते नक्कल म्हणूनच विकसित झाले का, हा अजून तर्काचा भाग आहे.

ओळख करणाऱ्याने यातून इतकेच घ्यायचे की छाती मोरघारीसारखी दिसली म्हणून पक्षी मोरघार ठरत नाही. मधुबाज मोरघारीसारखा दिसणे ही अपवादात्मक घटना नाही, त्याच्या बाबतीत ती नेहमीची आहे.

बाकीचे उमेदवार

मोरघार आणि मधुबाज यांच्यावर येण्याआधी खालून पांढुरक्या दिसणाऱ्या इतर मोठ्या शिकारी पक्ष्यांना बाजूला करावे लागले. त्याला फार वेळ लागला नाही. तुरेवाल्या सर्पगरुडाच्या पंखाच्या मागच्या कडेजवळ रुंद पांढरा पट्टा असतो, शिवाय तो पंख उचलून इंग्रजी व्हीच्या आकारात धरतो. या पक्ष्याचे पंख घिरट्या घेताना सपाट होते. फिकट रंगाच्या बूटेड ईगलची उड्डाणपिसे काळसर आणि आतली काही फिकट असतात, त्यांच्यावर असे ठसठशीत पट्टे नसतात. बोनेलीच्या गरुडात पंखाखालून जाणारा काळा पट्टा हवा होता, तो नव्हता.

सापमार गरुडावर मात्र थोडे थांबावे लागले. तोही खालून पांढुरका, पट्टेरी पंखांचा आणि मनगटावर, म्हणजे पंख जिथे दुमडतो त्या जागी, काळा डाग नसलेला असतो. पण त्याचे डोके मोठे आणि रुंद, गळा आणि छातीचा वरचा भाग बहुधा तपकिरी बुरख्यासारखा सलग, आणि गळ्याच्या मधोमध रेघ नाही. आपल्या पक्ष्याच्या छातीवर सुट्या रेघा होत्या आणि डोके लहान होते. तो प्रश्न तिथेच संपला.

आकार: पिसाऱ्याच्या आधी

प्रकरण पिसाऱ्याचे असले तरी पिसांकडे जाण्यापूर्वी शरीराची ठेवण पाहणे भाग होते, कारण पट्ट्यांचा अर्थ लावताना ती उपयोगी पडते. घिरटीत पक्षी अगदी खालून दिसतो अशा दोन-तीन फ्रेम मालिकेत होत्या. त्यांत डोके पंखांच्या पुढे स्पष्ट बाहेर आलेले दिसत होते: अरुंद, लांब मान आणि तिच्या टोकाला लहान डोके, कबुतराच्या डोक्यासारखे. मोरघारीचे डोके भरीव असते आणि मान आखूड वाटते. शेपटी लांब आणि मिटलेली असताना कोपऱ्यांवर गोलसर होती.

इथे काही गोष्टी मी पुराव्यात धरल्या नाहीत. पक्षी केवढा मोठा होता, याला आकाशात एकट्या पक्ष्याच्या बाबतीत काही अर्थ नसतो. मधुबाजाची लांबी साधारण ६० सेंटिमीटरच्या आसपास, मोरघारीची त्याहून काहीशी जास्त. अंतर कळत नसताना हा फरक डोळ्याला मोजता येत नाही. पंख सपाट धरणे दोघांतही आढळते. पाय दिसले असते तर निकाल लगेच लागला असता, कारण मोरघारीच्या पायावर बोटांपर्यंत पिसे असतात आणि मधुबाजाचे पाय उघडे असतात. पण एकाही फ्रेममध्ये पाय शेपटीखालच्या पिसांतून बाहेर आलेले नव्हते. आणि ज्या टोकाला तुरा म्हटले गेले, ते फक्त एका फ्रेममध्ये होते, तेही पक्षी वाऱ्याकडे पाठ करून वळत असताना. मानेमागची पिसे वाऱ्याने उचलली गेली तर असे टोक कोणत्याही शिकारी पक्ष्यात दिसू शकते. त्याआधीच्या आणि नंतरच्या फ्रेममध्ये मान गुळगुळीत होती.

ठेवणीवरून पारडे मधुबाजाकडे झुकले होते. तरीही मी इथे थांबलो नसतो. मान किती लांब वाटते हे फोटोच्या कोनावर बरेच अवलंबून असते, आणि एखादी मोरघार मान ताणून उडतानाही दिसते, विशेषतः प्रणयकाळात.

उड्डाणपिसांवरचे पट्टे

आता मुख्य भाग. पंखाच्या लांब पिसांचे दोन गट असतात. पंखाच्या टोकाकडची, हाताच्या पंजावर उगवणारी दहा पिसे म्हणजे प्राथमिक पिसे. त्यांना आतून बाहेर एक ते दहा असे क्रमांक देतात, म्हणजे दहावे सर्वांत बाहेरचे. त्यांच्या आणि शरीराच्या मध्ये असतात ती दुय्यम पिसे. पंखाच्या मागच्या कडेची रेषा मुख्यतः दुय्यम पिसांच्या टोकांनी बनते.

मोरघारीच्या या पिसांवर पट्टे बरेच, बारीक आणि दाटीने असतात. लहान वयाच्या पक्ष्यात तर आणखी बारीक. प्रौढ मधुबाजात पट्टे कमी असतात, मोजता येतात, आणि त्यांच्यामध्ये मोकळी फिकट जागा राहते. शिवाय पंखाच्या मागच्या कडेला एक गडद पट्टा कडेशी समांतर धावतो. नरात तो रुंद आणि काळाभोर असतो, मादीत अरुंद पण तरीही सलग आणि स्पष्ट.

ज्या फ्रेममध्ये डावा पंख पूर्ण उघडा आणि प्रकाश बाजूने पडलेला होता, ती मी पडद्यावर खूप मोठी करून पाहिली. मागच्या कडेला गडद पट्टा होता, मध्यम रुंदीचा, आत शरीरापर्यंत पोचलेला. त्याच्यापुढे फिकट जागा. मग एक अरुंद पट्टा, पुन्हा फिकट जागा, आणि त्यापुढचे पट्टे पंखाखालच्या आच्छादक पिसांच्या, म्हणजे लांब पिसांची मुळे झाकणाऱ्या लहान पिसांच्या, कडेत शिरत होते. दुय्यम पिसांवर मोजता येतील असे मोजकेच पट्टे होते. मोरघारीच्या पिसांवर एवढ्याच लांबीत याहून बरेच जास्त भरले असते.

शेपटी उघडलेल्या फ्रेममध्ये हीच मांडणी परत दिसली. टोकाजवळ एक रुंद गडद पट्टा, मग लांब फिकट मोकळी जागा, आणि बुडाजवळ दोन अरुंद पट्टे, तेही अर्धेमुर्धे शेपटीखालच्या पिसांनी झाकलेले. पट्ट्यांमधले अंतर असमान होते. मोरघारीच्या शेपटीवर पट्टे साधारण सारख्या अंतराने येतात, फक्त प्रौढात टोकाचा पट्टा बाकीच्यांपेक्षा रुंद असतो. शेपटीतली ही विषम मांडणी मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मजबूत एकटा पुरावा वाटतो. शेपटी मोठी असते, घिरटीत ती वारंवार उघडते, आणि साधा फोटोही ती खूण पकडतो.

एक खबरदारी इथे घ्यावी लागली. पक्ष्याच्या मागून प्रकाश येत असेल तर जिथे दोन पिसे एकमेकांवर येतात तिथे प्रकाश कमी पोचतो आणि तो भाग गडद दिसतो. अशा खोट्या पट्ट्या पिसांच्या लांबीच्या दिशेने, उभ्या पडतात. खरा पट्टा पिसाच्या मधल्या दांड्याला आडवा छेदतो आणि एका पिसावरून शेजारच्या पिसावर पायरीपायरीने पुढे सरकतो. मोठ्या केलेल्या फ्रेममध्ये या पायऱ्या दिसत होत्या, म्हणून पट्टे खरे धरले. मालिकेतल्या ज्या फ्रेममध्ये पक्षी पांढऱ्या ढगावर होता, तिथे कॅमेऱ्याने सगळा पक्षी काळवंडून टाकला होता. त्या फ्रेम मी पट्ट्यांसाठी वापरल्याच नाहीत. नंतर सावल्या उजळ करून आणि धार वाढवून बनवलेली एक प्रतही सोबत होती. तिच्यात छातीवरच्या रेघा मूळ फोटोपेक्षा दुप्पट ठळक झाल्या होत्या. सकाळच्या निष्कर्षाला दुपारी जो दुजोरा मिळाला तो याच प्रतीवरून. मूळ फाइल पाहिल्याशिवाय रेघांच्या ठळकपणावर काहीही ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाच बोटांचा पेच

दुपारी या मालिकेवर चर्चा करणाऱ्यांपैकी एकाने पट्टे बरोबर वाचले आणि हा मधुबाज आहे हे ओळखले. पण पुढे त्याने पंखाच्या टोकाची बोटे मोजली. डाव्या पंखावर ती पाच निघाली. यावरून त्याने युरोपीय मधुबाज, पर्निस एपिव्होरस, असे नाव सुचवले. हा तर्क समजून घेण्यासारखा आहे, कारण नियम खरा आहे, फक्त तो लागू करताना एक गोष्ट निसटली.

बोटे म्हणजे पंखाच्या टोकाची अशी प्राथमिक पिसे ज्यांची टोकाकडची बाजू अरुंद झालेली असते. पंख पसरला की या अरुंद भागांमध्ये फटी पडतात आणि टोके सुटी दिसतात. कोणत्या जातीत किती पिसे अशी अरुंद होतात हे बहुधा ठरलेले असते. शिक्र्यात पाच, युरेशियन स्पॅरोहॉकमध्ये सहा. मधुबाजांत युरोपीय जातीला पाच आणि आशियाई जातीला सहा, म्हणजे दहाव्यापासून पाचव्यापर्यंत. या दोन मधुबाजांना वेगळे करायला ही एक उत्तम खूण आहे. पण ती पंख पूर्ण वाढलेल्या पिसांचा आहे असे गृहीत धरते.

म्हणून मी डाव्या पंखाचे टोक एकेक पीस करून पाहिले. दहावे, नववे, आठवे, सातवे आणि सहावे ही पाच पिसे जुनी होती: तपकिरी पडलेली, टोकांच्या कडा झिजलेल्या, सहाव्याची कड तर दातेरी झालेली. आतली पहिली चार नवी होती: गडद, कडा नीट, टोके गोल आणि अखंड. या नव्या चारांच्या आणि जुन्या पाचांच्या मध्ये पाचवे पीस अर्धेच वाढलेले होते. त्याचे टोक पंखाच्या कडेपर्यंत आलेच नव्हते. शेजारच्या पिसांच्या सावलीत ते जवळजवळ झाकले गेले होते. पाचवे पीस हेच सहावे बोट. ते अजून बोट म्हणून दिसण्याएवढे लांब झाले नव्हते. आणि ते बोटांच्या रांगेच्या आतल्या टोकाला असल्यामुळे मधेच दात पडावा तशी फटही दिसत नव्हती. रांग फक्त एकाने आखूड झाली होती.

उजव्या पंखाकडे पाहिल्यावर शंका उरली नाही. दोन्ही पंखांत पिसे साधारण एकाच क्रमाने बदलतात, पण दिवसांचा थोडा फरक पडू शकतो. या पक्ष्यात उजवे पाचवे पीस पुढे गेलेले होते, आणि पक्षी डावीकडे कलला असतानाच्या एका फ्रेममध्ये त्याचे टोक सहाव्याच्या खाली सुटे दिसत होते. म्हणजे उजव्या पंखाला सहा बोटे.

याशिवाय युरोपीय मधुबाजात पंखाच्या मनगटावर, खालच्या बाजूने, गडद लंबगोल डाग असतो. या पक्ष्याच्या दोन्ही पंखांवर ती जागा बाकी आच्छादक पिसांसारखीच फिकट होती. आणि गळ्याची मधली रेघ, जिने सकाळी मोरघारीकडे नेले होते, ती आता आशियाई मधुबाजाच्या बाजूने उभी राहिली. गळ्यावरची रेघ आणि तिच्याभोवतीची काळसर कड युरोपीय मधुबाजापेक्षा आशियाई मधुबाजात जास्त वेळा आढळते. जी खूण जात शोधताना काही सांगत नव्हती, तीच दोन मधुबाजांत निवड करताना कामाची ठरली. खुणांचा क्रम महत्त्वाचा असतो असे मी म्हणतो ते यामुळे.

वय आणि लिंग

पाचव्या पिसाने आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच वर्षी जन्मलेल्या पिल्लाची सगळी उड्डाणपिसे घरट्यात एकाच वेळी उगवलेली असतात, त्यामुळे त्यांचे वय, रंग आणि झीज सारखी असते. या पक्ष्यात नवी आणि जुनी पिसे शेजारी शेजारी होती. म्हणजे हे त्या वर्षीचे पिल्लू नव्हते.

मात्र एवढ्यावरून प्रौढ म्हणता येत नाही. दुसऱ्या वर्षातला पक्षीही पहिल्यांदा पिसे बदलत असतो, आणि त्याच्यातही जुनी-नवी पिसे एकत्र दिसतात. फरक असा की त्याची जुनी पिसे लहानपणची असतात: दाट बारीक पट्ट्यांची, मागच्या कडेला ठळक गडद पट्टा नसलेली. म्हणून जुन्या दुय्यम पिसांकडे परत गेलो. त्यांच्या टोकांवर तोच गडद कडेचा पट्टा होता, झिजलेला पण स्पष्ट. जुनी पिसेही प्रौढ नक्षीचीच होती, म्हणजे या पक्ष्याने याआधी निदान एकदा पिसे बदललेली होती. प्रौढ.

लिंगासाठी डोळा. इथे आशियाई मधुबाज मदत करतो. प्रौढ नराचा डोळा गडद तपकिरी असतो आणि चेहरा राखाडी. प्रौढ मादीचा डोळा पिवळा. युरोपीय जातीत प्रौढ नर-मादी दोघांचा डोळा पिवळा असल्याने तिथे ही खूण चालत नाही. मोरघारीच्या प्रौढाचाही डोळा पिवळा असतो, म्हणून जात ठरण्याआधी पिवळ्या डोळ्याला काही किंमत नव्हती. आता होती. पक्षी मान वळवून खाली पाहत असतानाच्या फ्रेममध्ये डोळ्याच्या जागी फिकट ठिपका आणि त्यात बारीक काळी बाहुली दिसत होती. चेहऱ्यावर राखाडी छटा नव्हती. मागच्या कडेचा पट्टा नराच्या मानाने अरुंद, शेपटीवर नरासारखे दोन जाड काळे पट्टे नाहीत. तिन्ही गोष्टी मादीकडेच जात होत्या.

चोचीच्या बुडाचा रंगही पाहिला. पिल्लात तो पिवळा असतो, प्रौढात राखाडी. फोटोत तो गडद वाटला, पण सावली की रंग हे सांगता येईना. म्हणून ती खूण नोंदीत घेतली नाही. तिची गरजही उरली नव्हती.

नोंदीत काय लिहिले

मूळ नोंद बदलून अशी केली: मधुबाज, पर्निस टिलोरिंकस, एक, प्रौढ मादी, खालून फिकट रंगाची, पिसे बदलत असलेली. आधार म्हणून शेपटीवरची विषम पट्टरचना, दुय्यम पिसांवरचे मोजके पट्टे आणि मागच्या कडेचा सलग गडद पट्टा, उजव्या पंखाची सहा बोटे, मनगटावर डाग नसणे, आणि पिवळा डोळा. छातीवरच्या रेघा आणि गळ्यावरची रेघ वर्णनात ठेवल्या, पण जात ठरवण्याच्या आधारांत घेतल्या नाहीत. फोटो काढणारीने मूळ फाइल जपून ठेवल्या होत्या आणि चांगली एक फ्रेम निवडून बाकीच्या पुसून टाकल्या नव्हत्या, म्हणून हे सगळे शक्य झाले. सर्वांत देखणी फ्रेम निवडली असती तर ती डाव्या पंखाची होती, आणि ती एकटी पाच बोटे दाखवते.

एक गोष्ट नोंदीत मोकळी ठेवली आहे. आशियाई मधुबाजाचे काही पक्षी वर्षभर एकाच भागात राहतात, आणि उत्तरेकडे, सायबेरिया ते जपानपर्यंत, वीण करणारे पक्षी हिवाळ्यासाठी दक्षिणेकडे येतात. ही मादी यांपैकी कोणती, हे पिसाऱ्यावरून मी ठामपणे सांगणार नाही. लांबचा प्रवास करणारे शिकारी पक्षी बहुधा पिसे बदलणे मध्येच थांबवतात आणि मुक्कामी पोचल्यावर पुढचे पीस टाकतात. हिचे पाचवे पीस वाढत होते, म्हणजे तो क्रम सुरू होता. यावरून ती त्या परिसरात राहणारी असण्याकडे कल जातो, पण एका वाढत्या पिसावर एवढे मोठे विधान उभे राहत नाही. पुढच्या काही आठवड्यांत त्याच उतारावर पहिली पाच नवी, सहावे पडलेले किंवा वाढते आणि छातीवर याच रेघा अशी फिकट मादी दिसली, तर ती हीच असण्याची शक्यता बरीच आहे. दोघांना तसे कळवले आहे, आणि फोटो काढताना दोन्ही पंखांची टोके येतील असे पाहायला सांगितले आहे.